१६५-४०० ची जुनी डिस्क आणि १६ इंची नवं रिम: सिट्रोएनच्या चाकांचं काय करू?

दांडियाबाजारकर (वडोदरा)

नमस्कार मंडळी,

आजोबांची १९५१ ची सिट्रोएन लाइट फिफ्टीन आमच्याकडे आहे. इंग्लंडमध्ये स्लाउच्या (Slough) कारखान्यात जुळवलेली, उजव्या हाताला स्टिअरिंग. बरीच वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. इंजिन आता सुरू होतं, ब्रेकच्या सिलिंडरना स्लीव्ह बसवून झाले, वायरिंग नवं झालं. गाडी अडलीय ती चाकांवर.

टायर १६५-४०० मापाचे आहेत आणि बाजूंना इतक्या भेगा पडल्यात की आतला धागा दिसतो. टायर काढल्यावर खरं दुखणं कळलं. पाचही रिमना बीड, म्हणजे टायरची आतली कड, बसते तिथे गंज आहे. दोन रिमवर नखानं खरवडलं तरी पापुद्रे निघतात आणि एकाला तर तळाशी आरपार भोक आहे. मधल्या डिस्क मात्र उत्तम. रंग घासला तर खाली चकचकीत पोलाद. नटांची भोकंसुद्धा गोल आहेत, झिजलेली नाहीत.

आतापर्यंत मिळालेले सल्ले असे. टायरच्या दुकानात सांगितलं, "१६ चा चढवून देतो, ट्यूब टाकली की बसतो." मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) एका लेथवाल्याने सांगितलं, "नव्या १६ च्या स्टील रिमची डिस्क कापून काढतो, त्यात तुमची डिस्क घालतो, मधली फट वेल्डने भरतो." तिसऱ्याने सांगितलं, "अडॅप्टर लावा आणि सरळ अलॉय बसवा." बाहेरून टायर मागवायची चौकशी केली तर एजंट परवान्याचं बोलायला लागला.

लेथवाल्याचा मार्ग मला पटतो, पण भीतीही वाटते. चाक आहे, सुटलं तर काय होईल ते सांगायला नको. कोणी हे काम केलंय किंवा जवळून पाहिलंय का? नेमकं काय मोजायचं, काय सांगायचं आणि कुठे नाही म्हणायचं? आरटीओची काही अडचण येईल का?

मला काही स्पर्धेत उतरायचं नाहीये. बाबा लहानपणी या गाडीतून चांदोदला जायचे. त्यांना एकदा तिथपर्यंत न्यायचंय, एवढंच.

टायरनाना (इंदूर)

माझा जन्म टायरच्या धंद्यात गेला, म्हणून लगेच लिहितो. ४०० च्या रिमवर १६ चा टायर चढवू देऊ नका. सविस्तर कोणी तरी लिहीलच, पण तोवर कुणाच्या हातात गाडी देऊ नका.

दुसरं, १६ चं माप म्हटलं की कोणी तरी हमखास ट्रॅक्टरचा पुढचा ६.००-१६ दाखवेल. स्वस्त असतो, उभ्या तीन पट्ट्यांचा, जुन्या गाडीला दिसतोही बरा. त्याच्या बाजूवर ए६ किंवा ए८ असं छापलेलं असतं, ते वाचा. ए६ म्हणजे ताशी ३० किमी, ए८ म्हणजे ४०. तो शेतासाठी आहे, हमरस्त्यावर त्याला हात लावू नका. त्याच मापाचा जीपचा टायर वेगळा असतो आणि तो रस्त्याचाच आहे, पण त्याची उंची ७२५ मिमीच्या पुढे जाते. तुमच्या गाडीला तो खूप मोठा पडेल.

आणि कोणताही टायर घ्याल तर बाजूवरचे चार आकडे बघून घ्या. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. जुन्या गाडीसाठी म्हणून दुकानाच्या माळ्यावरचा माल काढून देतात.

टूलरूम_मकरपुरा (वडोदरा)

दांडियाबाजारकर, तुमच्या डिस्क चांगल्या आहेत हे वाचून बरं वाटलं. अर्धं काम तिथेच झालं. मी कलाभवनातून डिप्लोमा केला आणि उभं आयुष्य टूलरूममध्ये काढलं. चाकांची अशी कामं माझ्या देखरेखीखाली झाली आहेत. सगळं लिहितो, लांब होईल.

आधी १६ चा टायर. तुमच्या गाडीचं माप इंचात नाही, मिलिमीटरमध्ये आहे. १९३४ च्या अखेरीस सिट्रोएन कंपनी दिवाळ्यात निघाली आणि मिशलिनच्या हातात गेली, तेव्हापासून या गाड्यांना मिशलिनची स्वतःची मापं आली. १६५ म्हणजे टायरची रुंदी आणि ४०० म्हणजे बीड बसते त्या जागेचा, म्हणजे बीड-सीटचा, व्यास ४०० मिमी. आजच्या मोटारीच्या १६ इंची रिमवर हाच व्यास ४०५.६ मिमी असतो. म्हणजे १६ चा टायर तुमच्या रिमवर चढवला तर चहूबाजूंनी २.८ मिमी पोकळी राहते. बीडच्या आत पोलादी तारांचा वेढा असतो, तो आकसत नाही. मनगटापेक्षा मोठी बांगडी जशी फिरते तसा तो टायर रिमवर फिरतो. हवा भरली की बीड बाहेरच्या कडेला टेकते, म्हणून बसल्यासारखा दिसतो. टायरवाला तुम्हाला फसवत नाहीये, त्याला खरंच तो बसलेला दिसतो. पण रिमवर टायरची पकड असते ती बीडच्या घट्टपणाची, हवेची नाही. तुमची गाडी पुढच्या चाकांनी ओढते. पहिल्या गिअरला क्लच सोडाल तेव्हा रिम फिरेल, टायर मागे राहील, व्हॉल्व्ह तिरका होईल आणि ट्यूब मुळातून फाटेल. पुढच्या चाकाची ट्यूब वळणावर फाटली तर बीड रिमच्या खोल भागात उतरते, आणि मग स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं.

१५ चा प्रश्नच नाही. त्याची बीड-सीट ३८०.२ मिमी आहे, तो टायर तुमच्या रिमवर चढणारच नाही.

अडॅप्टर लावून अलॉय बसवणंही नको. अडॅप्टरच्या जाडीइतकं चाक बाहेर जातं. पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या गाडीत चाकाची मध्यरेषा आणि स्टिअरिंगचा अक्ष यांतलं अंतर वाढलं की प्रत्येक खड्डा थेट हातात येतो आणि हबच्या बेअरिंगवर नको तो भार पडतो. शिवाय त्या गाडीला अलॉय कशा दिसतील ते तुम्हीच डोळ्यांसमोर आणा.

उरला तुमचा लेथवाला. त्याचा मार्ग बरोबर आहे, फक्त "फट वेल्डने भरतो" हे चूक आहे. फट भरायची नसते, ती राहूच द्यायची नसते.

काम कसं करायचं ते सांगतो. सुटं करण्याआधी मोजा, कारण एकदा डिस्क निघाली की मूळ जागा पुन्हा कळत नाही. रिमच्या आतल्या कडेवर सरळ पट्टी आडवी ठेवा आणि पट्टीपासून डिस्कचा जो भाग हबला टेकतो तिथपर्यंतचं अंतर घ्या. पाचही चाकांवर, प्रत्येकी तीन जागी. मग रिमची एकूण रुंदी, दोन कडांच्या मधली आतली रुंदी, आणि व्हॉल्व्हचं भोक डिस्कच्या कुठल्या भोकासमोर येतं तेही. सगळं चाकावर मार्करने लिहा आणि फोटो काढा.

मग डिस्क सुटी करा. जोड रिव्हेटचा असेल तर रिव्हेटचं डोकं ड्रिलने उडवून पंचने बाहेर ठोका. वेल्डचा असेल तर ग्राइंडर फक्त रिमच्या बाजूने चालवा. रिम जाणारच आहे, त्याचे तुकडे झाले तरी चालतील. डिस्कवर ग्राइंडरच्या चाकाचा एक ओरखडासुद्धा नको. गॅसकटरला तर जवळ येऊ देऊ नका. उष्णतेने डिस्क पिळते आणि ती पीळ पुढे कशानेही जात नाही. माझी या कामातली एकच अट असते: जे काही कापायचं, खरडायचं, घासायचं ते नव्या रिमवर. मूळ डिस्क जशी आली तशी राहिली पाहिजे. उद्या कोणाला ४०० ची रिम मिळाली तर तीच डिस्क परत तिच्यात बसली पाहिजे.

नवं रिम घेताना स्टीलचंच घ्या, ५.५जे रुंदीचं, म्हणजे कडांमध्ये ५.५ इंच. हल्ली मिळणारी बहुतेक १६ ची रिम ६ किंवा ६.५ असतात, पण व्हॅनच्या प्रकारात ५.५ सापडतं. थोडं हिंडावं लागेल. परदेशी गाड्यांच्या डिकीत येते ती अरुंद स्टेपनी कोणी सुचवेल, ४ इंच रुंदीची. दिसायला अगदी जुन्या चाकासारखी. ती घेऊ नका. तिच्यावर ताशी ८० ची मर्यादा छापलेली असते आणि ती पंक्चरच्या दुकानापर्यंत पोहोचण्यासाठी बनवलेली असते. रुंद रिम कापून, मधली पट्टी काढून अरुंद करून देणारेही आहेत. तसं केलं की रिमच्या पूर्ण घेरावर वेल्ड येतो. घरगुती सोयीत मी ते करणार नाही.

रिमची जुनी डिस्क काढल्यावर आतला व्यास लेथवर साफ करून घ्या आणि तुमच्या डिस्कच्या बाहेरच्या पट्टीचा व्यास मोजा. बहुधा रिम काही मिलिमीटरने मोठं निघेल. मग मधे एक रिंग लागते. ही रिंग जाड भिंतीच्या सीमलेस पाइपमधून किंवा प्लेट वाकवून, जोडून, मग टर्न करून काढतात. आतून डिस्कवर हलक्या दाबाने बसणारी, बाहेरून रिमपेक्षा ०.३ मिमीच्या आसपास मोठी. रिम तापवायचं आणि रिंगसकट डिस्क आत सोडायची. ३६० मिमीच्या घेऱ्याचं तापमान दीडशे अंशांनी वाढलं की व्यास साधारण ०.६५ मिमी वाढतो, म्हणजे हातोडा न मारता डिस्क आत जाते आणि थंड झालं की रिम तिला आवळून धरतं. वेल्डचं काम मग फक्त सरकू न देण्याचं राहतं, भार पेलण्याचं नाही. या दोन्हींत फार फरक आहे.

सोडण्याआधी एक फिक्स्चर हवं. जाड प्लेटवर हबच्या मापाचा बोस (गोल उंचवटा) आणि नटांच्या जागी स्टड. डिस्क गाडीवर जशी बसते तशीच त्यावर बसली पाहिजे, त्याच भोकांवर, त्याच नटांनी. हे फिक्स्चर लेथच्या फेसप्लेटवर बांधा, डायल (वाकडेपणा मोजणारा सुईचा गेज) लावा आणि सावकाश हाताने फिरवा. डायल रिमच्या बाहेरच्या कडेला लावतात ते चूक. कडेला प्रेसचे मार असतात. टायर बसतो बीड-सीटवर, म्हणून डायलची सुई बीड-सीटवर हवी, दोन्ही बाजूंच्या. वरखाली आणि आडवं, दोन्ही ०.५ मिमीच्या आत आलं तर उत्तम. १ मिमीच्या वर गेलं तर परत तापवून काढा. "बॅलन्सिंगमध्ये जाईल" असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. वजन लावून बॅलन्स होतं, वाकडं रिम सरळ होत नाही.

मग सीओटू वेल्ड. आधी समोरासमोर टॅक (वेल्डचे छोटे ठिपके), मग डायल. पुन्हा टॅक, पुन्हा डायल. त्यानंतर ४०-५० मिमीचे टाके, मधे तेवढीच मोकळी जागा, प्रत्येक पुढचा टाका समोरच्या बाजूला. पूर्ण घेर सलग वेल्ड करू नका. आकसताना तो रिमला ओढतो आणि टाक्याच्या शेवटाशी तडा सुरू होतो. हवेनेच थंड होऊ द्या, पाणी मारायचं नाही. थंड झाल्यावर परत डायल आणि मग तडे शोधणारी डीपी (डाय पेनिट्रंट) टेस्ट. लाल द्रव, पांढरी पावडर, केसाएवढा तडा असला तरी लाल रेघ उमटते. मकरपुऱ्यात हे करून देणारे आहेत, खर्च किरकोळ.

वेल्ड बीड-सीटवर कधीच नाही. आणि टायर चढवलेला असताना तर एक टॅकसुद्धा नाही. बंद टायरमध्ये उष्णतेने दाब आणि वायू वाढून टायर फुटल्याने माणसं गेली आहेत.

तुमच्या गाडीबद्दल एक चांगली गोष्ट. जुन्या गाडीला रेडियल चालतो का, हा प्रश्न इतरांना पडतो, तुम्हाला पडत नाही. मिशलिनचा पहिला रेडियल, मिशलिन एक्स, १९४९ मध्ये बाजारात आला आणि त्याच्या पहिल्या गिऱ्हाइकांत हीच गाडी होती.

माप पाठवा, मग टायरचं बोलू.

जुनीचाकं (पुणे)

टूलरूमकाकांनी लिहिलेलं सगळं मान्य, पण माझं मत वेगळं पडतं. १६५-४०० चा एक्स मिशलिन आजही बनवते. आधी ती वाट पूर्ण बंद आहे का ते बघा. २०२० च्या जूनमध्ये सरकारने नव्या मोटार टायरची आयात प्रतिबंधित यादीत टाकली, त्यामुळे परवाना लागतो, एजंट खोटं सांगत नाहीये. शिवाय टायरवर भारतीय मानकाचा शिक्का लागतो. तरी पाच टायरसाठी धडपड करण्यासारखी ही गाडी आहे. १९३४ मधली पुढची चाकं ओढणारी, वेगळी चासी नसलेली रचना, पुढे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्या). तिच्या चाकांचं मापसुद्धा तिच्या इतिहासाचा भाग आहे.

४०० चं माप फक्त सिट्रोएनचं नव्हतं. प्यूजो २०३ ची चाकंही ४०० होती, टायर १५५ चा. आपल्याकडे त्या गाड्या मोजक्याच, पण कुणाच्या गोदामात नुसती रिम पडलेली असू शकतात. बीड-सीटवर खड्डे नसलेलं रिम मिळालं तर त्यात तुमची डिस्क घालायला कदाचित रिंगही लागणार नाही.

२०२३ च्या जानेवारीत लक्ष्मी विलास पॅलेसवर २१ गन सॅल्यूटचा जुन्या गाड्यांचा मेळा भरला तेव्हा मी दोन दिवस तिथे होतो. एवढ्या राजेशाही गाड्यांमध्ये जाणती माणसं आधी वाकून चाकंच बघत होती. तुम्हाला स्पर्धा नको, ठीक. पण गाडी तुमच्यानंतरही राहणार आहे.

आरटीओचं विचारलंत. २०२१ च्या जुलैत केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुन्या गाड्यांची वेगळी नोंदणी आली. गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी हवी, नंबरात 'व्हीए' येतं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. मूळ रूप बदललेलं नसावं ही अट आहे आणि त्यात नावं येतात ती चासी, बॉडी आणि इंजिनची. चाकांनी तिथे अडू नये. मात्र त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच. बाबांना चांदोदला न्यायचं असेल तर 'व्हीए' घेण्याआधी हे नीट वाचून घ्या. जुना नंबर अजून चालू असेल तर घाई करू नका.

दांडियाबाजारकर (वडोदरा)

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं उत्तर छापून लेथवाल्याला दाखवलं. त्याने शांतपणे वाचलं आणि "वेल्डने भरणार नाही, रिंग करतो" असं स्वतःहून म्हणाला. फिक्स्चर बनवायला तयार आहे.

जुनीचाकं, तुमचं म्हणणं मनाला लागलं. जुनी पाचही रिम, अगदी भोक पडलेलंसुद्धा, मोजमाप होईपर्यंत ठेवणार आहे, आणि ४०० च्या रिमसाठी दोन-तीन ठिकाणी निरोप धाडलेत. पण बाबा आता ८१ चे आहेत. परवान्याची वाट बघत बसणं मला शक्य नाही.

मापं अशी: डिस्कच्या बाहेरच्या पट्टीचा व्यास ३५८.२ मिमी. ५.५जे चं एक १६ इंची स्टील रिम मिळालं, साफ केल्यावर आतून ३६४.० मिमी. जुन्या रिमची कडांमधली रुंदी ११४ मिमी. आतल्या कडेपासून हबच्या तोंडापर्यंत १०५ मिमी, पाचही चाकांवर एका मिलिमीटरच्या आत. स्टिअरिंग पूर्ण वळवून, जुन्या टायरच्या बाजूपासून आतल्या सर्वांत जवळच्या भागापर्यंत ३० मिमी. मडगार्डच्या बाजूला भरपूर जागा आहे.

टायर कोणता घेऊ? दुकानदार २१५/६०आर१६ म्हणतोय, "उंची तंतोतंत जुळते" असं सांगून.

टूलरूम_मकरपुरा (वडोदरा)

मापं छान घेतलीत. ३६४ वजा ३५८.२ म्हणजे ५.८, रिंगची भिंत २.९ मिमी. रिमच्या पत्र्याच्या जवळपास तीच जाडी, हे चांगलं आहे, वेल्डला दोन्ही बाजूंना सारखं धातू मिळतं. रिंगची रुंदी डिस्कच्या पट्टीएवढी पूर्ण ठेवा, वाचवू नका. बाहेरचा व्यास ३६४.३ ठेवायला सांगा.

जागा. जुनं रिम कडांमध्ये ११४, नवं ५.५ इंच म्हणजे १३९.७. फरक जवळपास २६ मिमी. चाकाची मध्यरेषा होती तिथेच राहायला हवी, म्हणून १३ आत आणि १३ बाहेर. म्हणजे कडा सारख्या जाडीच्या धरल्या तर तुमचं १०५ आता ११८ होईल. लेथवाला विचारेल, "बाहेर जागा आहे तर सगळं बाहेरच घेऊ का?" नाही. स्टिअरिंग जड होईल आणि खड्ड्यात हिसका मारेल. फिक्स्चरवर ११८ चा स्टॉपर लावून ठेवा, पाचही चाकं एकसारखी निघतील.

टायर. १६५-४०० ची उंची साधारण ६६५ मिमी. दुकानदाराचं गणित चुकलेलं नाही, २१५/६०आर१६ ची उंची ६६४ येते. पण त्याला किमान ६ इंची रिम लागतं, तुमचं ५.५ आहे. आणि १६५ च्या जागी २१५ म्हणजे आत २५ मिमी जास्त. तुमच्या ३० मधले ५ उरतात. टायर वळणावर फुगतो, निलंबन (सस्पेन्शन) दबतं, तो घासणारच. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीत ते वळवणार कोण, हा वेगळा प्रश्न.

इनोव्हाचा २०५/६५आर१६ प्रत्येक दुकानात असतो, ५.५ वर बसतो, उंची ६७३. आत १० मिमी उरतात. चालेल, पण माझा कौल १९५/६०आर१६ ला आहे. पंच आणि मॅग्नाइटला येतो तो. ५.५ रिम त्याला मान्य आहे, आत १५ मिमी मोकळे राहतात आणि स्टिअरिंग बाबांच्या काळात होतं त्याच्या जवळ राहील. उंची ६४० म्हणजे पावणेचार टक्के कमी. काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी साधारण ५८ वर असेल, ही सुरक्षित बाजू आहे. गाडी १२ मिमी खाली बसेल. त्यावर ८९ लिहिलेला टायर बघा, म्हणजे एका टायरला ५८० किलो. मूळच्या ८७ ला ५४५ होते, म्हणजे तिथेही पुढेच आहात. मडगार्डमध्ये थोडं लहान दिसेल, हे मान्य करतो. तुम्हाला ते खटकलं तर २०५/६५ घ्या, पण पूर्ण वळणावर एका बाजूला जॅक सोडून, निलंबन दाबून बघितल्याशिवाय नाही.

जुनीचाकं यांना सांगायचं ते असं, की मी त्यांच्या विरोधात नाही. डिस्कला हात लावायचा नाही असं मी म्हणतो ते त्यांच्याच म्हणण्यासाठी. हे टाके ग्राइंडरने काढले की डिस्क पुन्हा मोकळी. ती मूळ रिम अंगणात पावसात ठेवू नका, तेल लावून आत ठेवा.

राहिलेलं थोडं. व्हॉल्व्हचं भोक डिस्कच्या भोकासमोर येईल असं डिस्क सोडण्याआधी खुणेने जुळवा. तापलेल्या रिममध्ये डिस्क गेली की काही सेकंदांत ती पकडते, मग फिरवता येत नाही. सगळं झाल्यावर टायर चढवून हवा भरलेलं चाक ट्यूबलेससाठी पाण्यात बुडवून बघायची पद्धत आहे, पण खात्रीसाठी तुम्ही रेडियलची ट्यूबच घाला आणि टायरच्या आत चिकटवलेलं कागदी लेबल काढून टाका, ते ट्यूब घासून फाडतं.

पावडर कोटिंग करायचं तर डीपी टेस्टनंतर, आधी नाही, नाही तर तडा रंगाखाली झाकला जाईल. आणि नट जिथे बसतात त्या उतारावर आणि हबला टेकणाऱ्या तोंडावर टेप लावायला सांगा. तिथे रंगाचा थर राहिला की गाडी चालताना तो दबतो आणि नट सैल पडतात. पहिल्या ५० किमीनंतर परत आवळा. चांदोदला पोहोचाल तेव्हाच साधारण तेवढं अंतर झालेलं असेल, म्हणून पाना सोबत ठेवा आणि परतीला निघण्याआधी पाचही नव्हे, चारही चाकांचे नट तपासा. स्टेपनीचे घरी गेल्यावर.

दांडियाबाजारकर (वडोदरा)

काका, १९५/६०च घेतोय. लेथवाला आधी स्टेपनीचं चाक करून दाखवणार आहे. डायलच्या सुईचा व्हिडिओ इथे टाकतो. तुम्ही मकरपुऱ्यातच असाल तर टॅक मारायच्या दिवशी याल का? गाडी पाठवतो.

टूलरूम_मकरपुरा (वडोदरा)

येतो. गाडी पाठवू नका, माझी स्कूटर आहे. फक्त सकाळी लवकर ठेवा आणि माझा डायल मी घेऊन येईन.